बरोबरी नको

हैदर पहेलवान पुन्हा मातीत उतरणार ही बातमी धामणगाव बढ्यात फुटली तेव्हा लोक आधी पोट धरून हसले. हसण्यासारखंच होतं म्हणा. लंगोट खुंटीला टांगून त्याला दहाएक वर्षं झाली होती. पोट लुंगीवरून बाहेर डोकावत होतं, पायरी चढताना गुडघे कुरकुरत होते, आणि गावात त्याची खरी ओळख आता फवारणीवाला एवढीच उरली होती. पहेलवान म्हणून हाक मारणारे होते, पण बुडालेल्या दुकानदाराला शेठ म्हणावं त्यातला तो प्रकार.

मग जोड कोणाशी लागतेय ते कळलं आणि हसणं जागच्या जागी थांबलं. समोर सोनाळ्याचा इंद्रभान होता.

इंद्रभानने गेल्या साली खामगावकडच्या कुस्त्यांच्या एका दंगलीत हैदरच्या धाकट्या भावाचा, फहीमचा, हात मोडला होता. कुस्तीत हात मोडतात, त्यात नवल नाही. पण हा हात कुस्ती सुटल्यावर मोडला. फहीम खाली पालथा, इंद्रभान त्याच्या पाठीवर, फहीमचा उजवा हात मागे पिळलेला. फहीमने मोकळ्या हाताने माती थोपटली, म्हणजे सोड, हरलो. पंचाने शिट्टी मारली. इंद्रभानच्या डोक्यात रक्त चढलेलं, त्याने आणखी एक हिसका दिला. कपाशीची वाळलेली पऱ्हाटी गुडघ्यावर मोडावी तसा आवाज झाला आणि कोपराचं हाड कातडी फाडून बाहेर आलं. हैदर फडाच्या काठावर उभा होता. पोराला त्यानेच वाढवलेलं, त्यानेच मातीत उतरवलेलं. त्याने फडात उडी घेतली आणि इंद्रभानच्या तोंडावर असा ठोसा हाणला की समोरचे दात मातीत पडले. चारसहा जणांनी ओढून नेलं नसतं तर त्याच दिवशी त्याच्या हातून खून झाला असता.

हात सांधला, आत सळई बसली, जखम भरली. कोपर मात्र अर्ध्यावर वाकलेलं राहिलं, ना सरळ होई ना मिटे. फहीम डाव्या हाताने कापूस वेचायला शिकला आणि बोलायचा कमी झाला. इंद्रभान दवाखान्यात केळी घेऊन आला होता, त्याला हैदरने केळ्यांसकट जिन्यावरून खाली लोटला. फहीमच्या गप्प बसण्याचा अर्थ त्याने आपल्या सोयीने लावला: पोराला बदला हवाय, तोंडाने मागत नाही इतकंच. हा अर्थ त्याने वर्षभर छातीशी धरून गरम ठेवला.

हैदरने कुस्तीचं आव्हान धाडलं तेव्हा इंद्रभान आधी नाही म्हणाला. "मोठ्या भावासंग मी लढत नाई, माफी पाह्यजे तं पाय धरतो," असा त्याने निरोप दिला. हैदरने उलट टपाली बांगड्या पाठवल्या. हिरव्या, काचेच्या. पहेलवानाच्या दारात बांगड्या आल्या की त्याला दोनच वाटा उरतात, त्या हातात भरायच्या नाही तर मातीत उतरायचं. सोनाळ्याच्या यात्रेत दोघांची जोड लागली.

अर्जुनराव हे धामणगावच्या तालमीचे वस्ताद. स्वतःची कपाशी बघून उरलेला जीव तालमीत घालवणारा हा म्हातारा अर्ध्या गावाचा गुरू होता, हैदरचाही. हैदर लंगोट काखेत मारून दारात उभा राहिला तेव्हा त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"कुस्ती लढाची हाय का हात मोडाचा हाय?"

"कुस्ती, वस्ताद."

"खोटं नोको बोलू बे. हात मोडाचा असन तं कुऱ्हाड घे अन् जाय सोनाळ्याले. मातीले काऊन मधात आणून राह्यला?"

हैदरने मातीला हात लावून शपथ घेतली की कुस्तीच लढणार. शपथ साफ खोटी आहे हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी अर्जुनरावांनी त्याला आत घेतलं. शिष्याचं वेड दाराबाहेर वाढण्यापेक्षा डोळ्यांसमोर वाढलेलं बरं, असं त्यांचं गणित. शहाण्या माणसांची गणितं चुकतात ती अशी.

पहिल्या दिवशी तालमीतल्या विशीच्या पोरांनी हैदरला धुऊन काढला. एकाने पट काढून आपटला, दुसऱ्याने मानेवर हाताचा असा रट्टा दिला की त्याला दिवसा चांदण्या दिसल्या, तिसऱ्याने खाली घेऊन तोंड मातीत घासलं. नाकातून रक्त, तोंडात माती, डाव्या कानाला सूज. उठायला जायचा तर छातीचा भाता नुसता फुसफुसायचा. पोरं मजेत होती. एकेकाळी ज्याच्या नावाने डफडं वाजायचं त्याला लोळवायची संधी कोण सोडतो? पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. हैदर दुसऱ्या दिवशी आला, तिसऱ्या दिवशी आला, आणि पंधरवडा उलटला तेव्हा मानेवर रट्टा देणाऱ्या त्या पोराला त्याने उचलून खांबावर फेकला. पोराची बरगडी दुखावली. अर्जुनरावांनी वेताच्या छडीने हैदरच्या पाठीवर वळ उठवले. हैदर तसाच उभा राहिला, आणि खरं सांगायचं तर त्याला बरं वाटत होतं. इतक्या वर्षांनी अंग कामाला आलं होतं. सुखात होता तो त्या दिवसांत, असं म्हटलं तर कोणाला राग येईल, पण होता.

सकाळची तालीम झाली की हैदर फवारणीला जायचा. त्या साली फवारणीवाल्यांना उसंत नव्हती. बीटी बियाणं आलं तेव्हा विकणारे सांगून गेले होते की आता बोंडअळीचं नाव विसरा. नाव लोक विसरले, अळी विसरली नाही. गुलाबी होऊन आली आणि बोंडात घुसून बसली. वरून टवटवीत दिसणारं बोंड फोडावं तर आत किडका, पिवळा कापूस. लोक हवालदिल झाले. कोणी सांगेल ते औषध, कोणी सांगेल तेवढं, दोन-तीन एकात एक मिसळून मारत सुटले. पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेलेली. फवारा वर धरायचा आणि तोच धुक्यासारखा आपल्या तोंडावर, छातीवर उतरायचा.

आणि इथे हैदरने ती चूक केली. अशी चूक पहेलवानच करू जाणे. तालमीत घाम गाळल्यावर तो अंगाला तिळाचं तेल रगडायचा, चांगली अर्धी घटका, कातडी चकाकेपर्यंत. मग तसाच उघडा, कमरेला लुंगी खोचून पाठीवर पंप चढवायचा. तालमीतल्या सगळ्यांची पक्की समजूत होती की तेलावरून पाणी घसरतं तसं औषधही घसरतं. सदऱ्यात मुरून बसण्यापेक्षा तेलावरून ओघळून गेलेलं बरं. कुस्तीत समोरच्याचा हात ज्या तेलाने निसटतो त्या तेलावर विषाची पकड कशी बसेल? अर्जुनरावांनीही कधी टोकलं नाही. त्यांनी स्वतः उमेदीत तसंच केलं होतं, मात्र त्यांच्या उमेदीत औषधं इतकी जहाल नव्हती.

आधी डोळे चुरचुरायला लागले. मग मांड्यांचे स्नायू आपोआप उडायला लागले, कातडीखाली उंदीर फिरावेत तसे. हैदर म्हणाला, तयारी झाली, अंगात रग आली. आठवडाभरात एके दुपारी तो पऱ्हाटीच्या ओळीत गुडघ्यांवर बसला आणि ओकायला लागला. तोंडातून लाळेची धार थांबेना. पंप पाठीवर तसाच. बाजूच्या वावरातल्या बायांनी पाहिलं, आरडाओरडा केला, आणि फहीमने एका हाताने भावाला ओढत बांधावर आणला.

तालुक्याच्या दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईंनी त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारली. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. सुयांवर सुया टोचल्यावर दोन दिवसांनी तो बोलण्यासारखा झाला, तेव्हा त्यांनी विचारलं, "अंगाला तेल लावून फवारत होतात?"

"हाव. औषध लागू नये म्हणून."

"अहो, पाणी घसरतं तेलावरून. हे औषध तेलात विरघळतं. तुम्ही घाम काढून कातडी मोकळी केलीत, वर तेल चोळलंत आणि विषाला अंगभर रस्ता करून दिलात. महिनाभर जड काम नाही. कुस्तीबिस्ती तर अजिबात नाही."

यात्रा पुढच्या आठवड्यात होती.

अमीना, हैदरची बायको, उशाशी बसली होती. ती दवाखान्यात रडली नाही. रडण्याच्या पलीकडचा संताप आला होता तिला. "तुमी मेले तं लेकरं मी काय फडात उतरवू? सांगा ना. फहीमचा हात सरळ होईन का तुमच्या मरण्यानं?"

"बांगड्या पाठवल्या म्या," हैदर म्हणाला. "आता नाई गेलो तं त्या माह्याच हातात येतीन."

"मंग भरा! मी तं रोजच भरते, मले काय झालं?"

हैदर भिंतीकडे तोंड करून झोपला. दोन दिवसांनी सलाईनची सुई स्वतःच उपटून तो घरी आला. अर्जुनरावांनी साफ सांगितलं, मी संगं येत नाही आणि माझं नाव फडात घ्यायचं नाही. फहीम मात्र म्हणाला, "मी येतो, भाई." हैदरला भरून आलं. पोराला आपल्या डोळ्यांनी बघायचंय, त्याला वाटलं.

सोनाळ्यात फडाभोवती माणसांचं कडं पडलं होतं. डफडं कडकडत होतं. गाव इंद्रभानचं, गर्दी इंद्रभानची. हैदर कपडे काढून उभा राहिला तेव्हा एक शिट्टी वाजली, मग हशा. आठवडाभरात त्याचं पोट उतरलं होतं, पण पोटाबरोबर मांड्याही उतरल्या होत्या. समोर इंद्रभान, तिशीच्या आतला, मानेचा पत्ता नसलेला, पुढचे दात नसलेला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. हैदरला त्याचाच जास्त राग आला.

हात मिळाले. हैदरने हाताबरोबर त्याची बोटंही पिरगाळली. इंद्रभान कळवळला, पण पंचाकडे तक्रार न करता पवित्र्यात उभा राहिला.

पहिल्याच झटापटीत हैदरला कळून चुकलं की आपल्यात दम नाही. अंग त्याचं होतं, पण हुकूम ऐकत नव्हतं. त्याने इंद्रभानच्या मानेवर पंजा टाकून ओढलं, इंद्रभान खाली घुसला, कंबर धरली आणि त्याला उचलून आपटला. पाठ जमिनीला लागायच्या आत हैदर कसाबसा वळला आणि तोंडावर पडला. नाक फुटलं. इंद्रभान वर आला. त्याने गुडघा कमरेत रोवला आणि हैदरची मान दोन्ही हातांनी दाबून तोंड मातीत घातलं. श्वास घ्यायला तोंड उघडलं तर माती आत. हैदरने मागे कोपर मारलं, ते इंद्रभानच्या भुवईवर बसलं, भुवई फाटली आणि रक्त दोघांवर गळायला लागलं. गर्दी उठून उभी राहिली. "मोड त्याले! मोड!" कोणी कोणाला म्हणत होतं कळत नव्हतं. पंच शिट्टी फुंकून दोघांना उभं करायचा, पुन्हा दोघं भिडायचे. हैदरने डोक्याची धडक दिली, इंद्रभानचा ओठ फुटला. इंद्रभानने कानशिलावर पंजाचा असा तडाखा दिला की हैदरला एका कानाने डफडं ऐकू येईनासं झालं. नियम केव्हाच वाऱ्यावर गेले होते. आता ते दोन जनावरांचं भांडण होतं, आणि लोकांना तेच बघायचं होतं.

मग दोघं एकमेकांच्या खांद्यात डोकं खुपसून उभे राहिले, हाश्शहुश्श करत. हैदरच्या मांड्या लटलटत होत्या. तोंडातून लाळ गळत होती, त्याला पत्ताही नव्हता. इंद्रभानने नाकाने दोनदा हुंगलं आणि अगदी हळू म्हणाला, "हैदरभाई, तुमच्या घामाले औषधाचा वास येऊन राह्यला."

"लढ."

"डोळे पाहा तुमचे. आमच्या गावात असेच डोळे झालते एकाचे, तो गेला. मले तुमाले चित नाई कराचं. मी पंचाले सांगतो, बरोबरीत सोडवू. तुमचीबी इज्जत राहीन."

"बरोबरी नको मले!"

"फहीमच्या टायमाले मले शिट्टी आयकू आलती, भाई," इंद्रभान म्हणाला. "आयकू आलती तरी म्या हिसका देल्ला. तवापासून एक रात्र झोप नाई. आता पुन्हा तसं नाई कराचं."

असं म्हणून त्याने मिठी सैल केली, एक पाऊल मागे घेतलं आणि पंचाकडे तोंड करून उजवा हात वर केला.

हैदरला तो हात दिसला. बाकी सगळं अंधुक होतं, गर्दी, पंच, मंडप, पण तो वर गेलेला हात स्वच्छ दिसला. इंद्रभानला आपली कीव आली, ही एकच गोष्ट त्याच्या डोक्यात घुसली. मार खाऊन मेला असता तर चाललं असतं त्याला, कीव चालणार नव्हती. त्याने झेप घेतली. वरचा हात मनगटाशी पकडला, खाली ओढला, पाठीमागे नेला, इंद्रभानच्या पोटरीवर लाथ घालून त्याला पालथा पाडला आणि पाठीवर बसला. हात पिळला. इंद्रभानने डाव्या हाताने माती थोपटली. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा, जोरात. पंचाची शिट्टी अगदी कानाशी वाजली, बऱ्या कानाशी. हैदरला ती ऐकू आली. त्याने दात आवळले आणि अंगात उरला होता तेवढा सगळा जीव त्या एका हिसक्यात घातला.

आवाज झाला. तोच आवाज.

इंद्रभानची किंकाळी ऐकून डफडेवाला थांबला. हैदर बाजूला कलंडला आणि उताणा पडून हसायला लागला, की रडायला, ते जवळच्यांनाही सांगता येईना. झालं. वर्षभर पोटात जे पेटत होतं ते झालं. त्याने मान वळवून काठावर फहीमला शोधलं. गर्दी फडात घुसली होती, कोणीतरी हैदरच्या बरगडीत लाथ घातली, आणखी एकाने चप्पल काढून तोंडावर मारली, पंच मधे पडून ओरडत होता. त्या गोंधळातून फहीम आत आला. हैदरने रक्ताळलेला हात त्याच्याकडे केला. "मोडला रे," तो म्हणाला, "पाह्य, मोडला."

फहीम त्याच्या अंगावरून ओलांडून गेला.

तो इंद्रभानपाशी गुडघ्यांवर बसला. लोकांनी इंद्रभानला उचलायला हात घातले होते, त्यांच्यावर तो खेकसला, "उचलू नोका! तसा नाई उचलत!" मग आपल्या डाव्या हाताने त्याने तो तुटका हात खालून अलगद आधार देऊन पोटाशी आणला, आपला वाकडा हात त्याच्याखाली उशीसारखा लावला आणि म्हणाला, "सोडजो नोको. असा पोटाशी धर. बोटं हालवू नोको. गाडीत बसतानी मोडका हात माह्या अंगाकडं ठेवजो, म्हणजे दचके मी खातो."

इंद्रभानचे उरलेले दात वाजत होते. घाम, रक्त आणि माती यांनी त्याचा चेहरा ओळखू येत नव्हता. त्याने फहीमकडे पाहिलं, कोण आहे हे ओळखलं, आणि लहान पोरासारखं विचारलं, "हे दुखणं कधी थांबते रे?"

"माहं थांबलं की सांगतो," फहीम म्हणाला.

जीप फडापर्यंत आणली गेली. फहीम इंद्रभानला धरून मागच्या बाकावर बसला आणि जीप खामगावच्या रस्त्याला लागली. हैदर मातीतच बसून राहिला. वर्षभर एका छपराखाली, एका ताटात जेवून, आपल्या भावाचा हात अजून दुखतो हे त्याला माहीत नव्हतं. त्याने कधी विचारलंच नव्हतं.